मशीन, लॅब आणि चिमणी

१

दुपारची जेवणं आटोपून बायकांचा वॉर्ड जरा कुठे पेंगायला लागला होता. तेवढ्यात खिडकीजवळच्या खाटेवरची एका मास्तरांची म्हातारी आई काहीतरी असंबद्ध बडबडू लागली आणि बडबडता बडबडता एकदम गप्प झाली.

धावत गेली ती चिमणी. चिमणी म्हणजे वॉर्डातली सगळ्यांत लहानखुरी सिस्टर. चालणं तुरुतुरु, आवाज बारीक, म्हणून रुग्णांनीच तिचं हे बारसं केलेलं. तिने पाहिलं तर म्हातारीचं अंग घामाने निथळत होतं, कपाळ गारठलेलं, हात थरथरत होते आणि डोळे उघडे असूनही ओळख पटत नव्हती. म्हातारीला मधुमेह होता, पायाची जखम चिघळली म्हणून ती दाखल झालेली. जेवणाआधीचं इन्सुलिन चिमणीनेच दिलं होतं. इन्सुलिनने साखर प्रमाणाबाहेर उतरली की माणूस असाच दिसतो.

म्हातारीच्या डाव्या हाताला सलाइनची सुई होती, म्हणून चिमणीने उजव्या हाताचं बोट स्पिरिटच्या बोळ्याने पुसून टोचलं आणि थेंब साखरेच्या मशीनला लावला. मशीनने दोनशे शहाण्णव दाखवले. साखर उतरली तर नव्हतीच, चांगली चढलेली होती.

वॉर्डचे डॉक्टर खाली अपघात विभागात अडकलेले. चिमणीने एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा म्हातारीकडे. मग शिरेतून रक्त काढून लॅबसाठी बाजूला ठेवलं आणि सलाइनच्या नळीतून सरळ ग्लुकोज सोडलं. सगळं ग्लुकोज आत जाण्याआधीच म्हातारीच्या नजरेत ओळख आली आणि तिने विचारलं, "एवढ्या सगळ्या का जमलात? मी गेले की काय?"

वॉर्डाने सुटकेचा श्वास टाकला. चिमणीचं मात्र सुख फार टिकलं नाही. ग्लुकोज देण्याआधी काढलेल्या रक्ताचा आकडा लॅबमधून आला. साखर फक्त बत्तीस होती. चिमणी शंभर टक्के बरोबर ठरली होती आणि त्याच आकड्याने तिचा गळा धरला.

२

हॉस्पिटलच्या प्रमुखांना सगळे 'मोठे डॉक्टर' म्हणत. त्यांच्या खोलीत म्हातारीचा मुलगा उभा होता. गृहस्थ गणिताचे मास्तर. आरडाओरड अजिबात नाही, फळ्यावर गणित सोडवावं तसं एकेक पायरी मांडून बोलत होते आणि म्हणूनच ऐकणाऱ्याला जास्त धडकी भरत होती.

"मशीन म्हणतं साखर जास्त," मास्तर म्हणाले. "तरी या बाईंनी आईला ग्लुकोज दिलं. असं कोण करेल? ज्याला साखर कमी झाल्याचं आधीच माहीत आहे, तोच. आणि ते आधी कुणाला माहीत असणार? ज्याने इन्सुलिन जास्त टोचलं, त्याला."

मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, मग मशीनवरच्या आकड्याचं काय. त्याचंही उत्तर मास्तरांकडे तयार होतं. तो आकडा दुसऱ्याच कुणाच्या तरी बोटाचा. चूक झाकायची म्हणून मुद्दाम घेतलेला. संध्याकाळची भेटीची वेळ संपेपर्यंत हॉस्पिटलने स्वतः तक्रार नोंदवली नाही, तर ते थेट पोलिसांत जाणार होते.

मोठ्या डॉक्टरांनी चिमणीला ड्यूटीवरून उतरवलं. ती भिंतीला टेकून उभी होती. तिची आई याच हॉस्पिटलात आया म्हणून राबून निवृत्त झालेली. लेक सिस्टर झाली तेव्हा त्या माउलीने सगळ्या मजल्यांवर पेढे वाटल्यासारखी ती बातमी वाटली होती. आता पोलीस आले असते तर नोकरी गेली असती, सिस्टर म्हणून असलेली नोंदणी गेली असती आणि पुन्हा कुठल्याही रुग्णाच्या अंगाला हात लावायची सोय उरली नसती.

खोलीत आणखी एक व्यक्ती होती, ती म्हणजे मेट्रनबाई. सगळ्या सिस्टरांच्या वरच्या. उंच, सडपातळ आणि जिभेने तिखट. 'मला वाटतं' हे शब्द त्यांच्यापुढे उच्चारायची सोय नव्हती. वाटायला काय, मला मी राणी आहे असंही वाटतं, असं म्हणून त्या समोरच्याला गार करत. आणि रुग्णाला स्वतः हात लावून पाहिल्याशिवाय त्यांचा कशावरही विश्वास बसत नसे.

"मास्तर, तुमच्या गणितात एकच खोट आहे," त्या म्हणाल्या. "चूक झाकायची असती तर हिने लॅबला रक्त पाठवलंच नसतं. ग्लुकोज देऊन गप्प बसली असती, कुणाला पत्ता लागला नसता."

मास्तर म्हणाले, "घाबरलेला माणूस अर्धवटच विचार करतो. तुमच्याकडे दुसरं उत्तर असेल तर दाखवा. संध्याकाळपर्यंत थांबतो."

मेट्रनबाईंकडे त्या घडीला उत्तराचा पत्ता नव्हता. तरीही त्या ठसक्यात म्हणाल्या, "दाखवते."

३

वॉर्डात शिरताच त्यांच्या कपाळाला आठी पडली. बेसिनपाशी प्लंबर अजून पाइप उघडून ठोकाठोक करत बसला होता. नळ सकाळपासून बंद. सकाळच्या फेरीत मेट्रनबाईंनीच सूचनांचा सपाटा लावला होता. पिण्याचं पाणी बाटल्यांतून द्या, भांडी खालच्या मजल्यावर धुवा, बोट टोचताना स्पिरिटवर भागवा, आणि त्या प्लंबरला चहा मिळणार नाही हे आधीच सांगा. चहा त्याला मिळालेला दिसत होता.

चिमणीला त्यांनी औषधांच्या खोलीत बसवलं आणि एकच प्रश्न विचारला. मशीन साखर जास्त सांगत असताना ग्लुकोज का दिलंस?

"मॅडम, आजी भिजल्या होत्या आणि गार पडल्या होत्या," चिमणी म्हणाली. "साखर खूप चढली की जीभ, कातडी कोरडी पडते. यांची उशी पिळून काढावी अशी झालेली. म्हटलं, मशीनचं ऐकलं आणि मशीन चुकलेलं असलं तर आजी हातच्या जातील. माझं ऐकलं आणि मी चुकले तर साखर थोडी आणखी चढेल, ती उतरवता येईल."

मेट्रनबाईंना त्या पोरीला पोटाशी धरावंसं वाटलं. वर्गात कितीही घसा फोडला तरी शंभरातल्या एखादीलाच हे उमगतं. पण तपास चालू असताना लाड करणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. त्या नुसतं "हं" म्हणाल्या आणि इन्सुलिनची बाटली उजेडात धरली.

इन्सुलिन दोन ताकदींचं येतं आणि ज्याची त्याची सिरिंज वेगळी. सौम्य बाटलीची सिरिंज कडक बाटलीत बुडवली की दुपटीहून जास्त डोस जातो. पहिला संशय तिथेच होता. पण बाटली आणि सिरिंज दोन्हींची जोडी बरोबर होती. डोस डॉक्टरांनी ठरवून दिलेला, जेवणाआधी मशीनने दाखवलेल्या तीनशे अठरा आकड्याला साजेसा. आणि टोचण्याआधी दुसऱ्या सिस्टरने सिरिंज डोळ्यांनी पाहिली होती.

उरलं मशीन. मशीन तपासायचं ठरावीक द्रावण असतं, त्याचा थेंब टाकला की अमुक आकडा यायलाच हवा. मेट्रनबाईंनी थेंब टाकला. आकडा बरोबर आला. पुन्हा टाकला, पुन्हा बरोबर.

त्या मटकन स्टुलावर बसल्या. मशीन खरं, लॅब खरी, चिमणी खरी. आणि तिघांचं एकमेकांशी अजिबात जुळत नव्हतं. घड्याळाचा काटा भेटीच्या वेळेकडे सरकत होता. मास्तर म्हणत होते तसं दुसऱ्याच कुणाचं बोट असेल तरच हे जमणार होतं. पहिल्यांदाच मेट्रनबाईंच्या मनात पाल चुकचुकली. चिमणी खोटं बोलली असेल तर?

४

म्हातारी उशीला टेकून खुशाल बसली होती. मेट्रनबाई तिच्या खाटेच्या कडेवर बसल्या आणि तिचा हात हातात घेतला. नखांच्या कडा पिवळसर दिसत होत्या, चादरीच्या काठालाही तसेच डाग होते. पायाच्या जखमेला लावायचं औषध पिवळंच असतं, त्यामुळे त्यांनी ते नजरेआड केलं.

चोरून काही गोडधोड खाल्लं का, असं विचारताच म्हातारी फणकारली. "मुलाची शपथ. गोडाला शिवलेसुद्धा नाही. डॉक्टरांनी सांगितलं ना, मग संपलं." तिला कुणी बोट टोचल्याचं आठवतंय का, असं विचारल्यावर ती म्हणाली, जेवणाआधीचं तर लख्ख आठवतं, चिमणीने याच बोटाला टोचलं, आणि पोरीचा हात इतका हलका की कळलंसुद्धा नाही.

म्हणजे निदान पहिला आकडा तरी म्हातारीच्याच बोटाचा. तीनशे अठरा. आणि मशीन तर खरं. मेट्रनबाईंना डोकं गरगरल्यासारखं झालं.

शेजारच्या खाटेवर टेलरबाई होती. बायकांचे कपडे शिवणारी, पन्नाशीची, बोलघेवडी. तिची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. डायलिसिससाठी हाताच्या शिरेवर छोटं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे डावा हात बँडेजात आणि त्या हाताने काही करायची बंदी. हीच टेलरबाई एरवी वॉर्डभर गप्पांचा फड रंगवायची. आज भिंतीकडे तोंड करून पडली होती.

दुपारी काय पाहिलंत, असं मेट्रनबाईंनी विचारलं. टेलरबाईने काहीच पाहिलं नव्हतं. सकाळी? सकाळीही काहीच नाही. उत्तरं इतकी तुटक की कुणालाही संशय यावा. मेट्रनबाईंनी सवयीने तिचं मनगट धरलं आणि बोलणं अर्ध्यावर सोडलं.

नाडी फार सावकाश चालली होती. मधेच एक ठोका चुकत होता.

"पाय कसे वाटतात?" त्यांनी विचारलं.

"जड झालेत हो. सकाळपासून उचलत नाहीत. मेला थकवा आलाय नुसता."

मेट्रनबाई उठून उभ्या राहिल्या आणि वॉर्डच्या डॉक्टरांना अशी हाक मारली की प्लंबरच्या हातातला पाना खाली पडला.

५

डॉक्टर आले, ईसीजी काढला आणि कागदावरच्या उंच उंच टोकदार रेघा बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. टेलरबाईच्या रक्तात पोटॅशियम साठलं होतं. हा क्षार मूत्रपिंडं बाहेर टाकतात, ती थकली की तो रक्तातच राहतो आणि वाढला तर हृदय बंद पाडतो. पुढची धावपळ बघण्यासारखी होती. हृदय सावरणारं कॅल्शियमचं इंजेक्शन गेलं, मग ग्लुकोजच्या जोडीने इन्सुलिन गेलं. दुपारपासून ज्या इन्सुलिनच्या नावाने शंख चालला होता, त्यानेच टेलरबाईच्या रक्तातलं पोटॅशियम खाली आणलं. नाडी ताळ्यावर आली तेव्हा डॉक्टरांनी कपाळ पुसलं. मेट्रनबाईंनी तिचं मनगट धरलं नसतं तर रात्र निघाली नसती, असं ते उघडपणे म्हणाले.

पण पोटॅशियम आलं कुठून? हॉस्पिटलचं जेवण मोजूनमापून होतं. टेलरबाई छताकडे बघत राहिली.

मेट्रनबाई तिच्या उशाशी गेल्या. तिथे दोऱ्याच्या रिळांचा पत्र्याचा डबा होता. दवाखान्यातही शिवण सुटत नाही म्हणून तिने तो आणला होता आणि सगळ्या वॉर्डाला त्याचं कौतुक होतं. मेट्रनबाईंनी झाकण उघडलं. रिळं वरच्या वर होती. खाली दोन अखंड संत्री आणि ढीगभर सालं.

टेलरबाईला रडू कोसळलं. डॉक्टरांनी संत्रं तोंडात घ्यायचं नाही असं बजावलं होतं. पण घशाला कोरड पडायची, पाणीही मोजून मिळायचं. मग धाकटी बहीण शिवणाच्या पिशवीतून संत्री आणायची. ओरडा बसेल म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं.

मेट्रनबाई सालांकडे बघत होत्या. मग टेलरबाईच्या बँडेजमधल्या हाताकडे. एका हाताने संत्रं सोलता येत नाही.

"सोलून कोण द्यायचं?" त्यांनी विचारलं.

शेजारच्या खाटेवरून म्हातारीचा बारीकसा आवाज आला. "मी. पण मी एक फोडही तोंडात घातली नाही हो. तिला वरची पापडीही चालत नाही, म्हणून फोड अन् फोड साफ करून, बिया काढून द्यायची. आजही जेवणाच्या आधी दिली."

"आणि मग हात?"

"रोज बेसिनवर धुते की साबणाने. आज नळ कुठे होता? चादरीला पुसले. जेवण तर चमच्याने केलं."

मेट्रनबाईंनी चादरीच्या काठावरचे पिवळे डाग पुन्हा पाहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, आणि तेवढ्यात काहीतरी आठवून ते मावळलं. त्यांनी दोन्ही संत्री उचलली आणि मोठ्या डॉक्टरांना निरोप धाडला की भेटीच्या वेळेला वॉर्डात या, आणि येताना चिमणीला घेऊन या.

६

वॉर्ड माणसांनी भरला होता. मास्तर आईच्या खाटेशी हाताची घडी घालून उभे होते. मेट्रनबाईंनी त्यांच्या हातात संत्रं ठेवलं.

"हे सोला. नुसतं सोलू नका, फोडींची पापडी काढा, बिया काढा. आई काढते तसं."

मास्तरांना हा पोरखेळ वाटला असावा, पण शब्द दिलेला होता. त्यांनी मन लावून संत्रं सोललं. बोटांवरचा रस सुकेपर्यंत मेट्रनबाईंनी त्यांना थांबवून ठेवलं आणि मधुमेह वगैरे काही आहे का, अशी चौकशी केली. मास्तर ताठ्याने म्हणाले की गेल्याच आठवड्यात शाळेत तपासणी झाली, सगळं उत्तम आहे.

"चिमणे, स्पिरिटने पूस आणि टोच," मेट्रनबाई म्हणाल्या.

मोठ्या डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. चिमणीने बोट पुसलं, टोचलं, थेंब लावला. मशीनने तीनशे बेचाळीस दाखवले.

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी बुड टेकायला जागा शोधली. "मला... म्हणजे कधीपासून?" ते पुटपुटले.

"घाबरू नका," मेट्रनबाई म्हणाल्या. "तुम्हाला झालेलं नाही, संत्र्याला झालंय. जा, हात धुऊन या."

बेसिनचा नळ नुकताच सुरू झाला होता. तो आधी खोकला, मग गढूळ ओकला आणि मग स्वच्छ वाहू लागला. मास्तरांनी साबण लावून हात खसाखसा धुतले, पुसले आणि तेच बोट पुढे केलं. चिमणीने टोचलं. सत्त्याण्णव.

वॉर्डात कुजबुज उठली. मेट्रनबाईंनी मास्तरांनाच समजेल अशा पायऱ्यांनी सांगितलं. मशीन खोटं बोललं नव्हतं. त्याला साखर दिली, ती त्याने मोजली, फक्त ती रक्तातली नव्हती, बोटावर सुकलेल्या रसातली होती. जेवणाआधी आईची खरी साखर बेताचीच असणार. मशीनने ती तीनशेवर दाखवली, चिमणीने त्या आकड्याला योग्य तेवढं इन्सुलिन दिलं, आणि ते आईच्या खऱ्या साखरेला फार झालं. दुपारी साखर तळाला गेली. बोट तेच, रस तोच, म्हणून मशीनने पुन्हा चढाच आकडा दाखवला. लॅबने शिरेतलं रक्त पाहिलं. तिथे संत्रं पोचलं नव्हतं.

"पण बोट तर स्पिरिटने पुसलं होतं," मोठे डॉक्टर म्हणाले.

"स्पिरिटने जंतू मरतात, साखर मरत नाही. ती तिथेच बसून राहते. म्हणून टोचण्याआधी साबणाने हात धुवायचा नियम आहे." मेट्रनबाईंनी आवाज खाली येऊ दिला नाही. "तो नियम आज या वॉर्डात मोडला, कारण सकाळी कुणीतरी हुकूम सोडला होता, नळ नाही तर स्पिरिटवर भागवा. गुन्हेगार हवा होता ना, मास्तर? ती मी. बाटलीतल्या पाण्याने धुवा म्हणाले असते तर भागलं असतं. तक्रार लिहायची असेल तर माझ्या नावाने लिहा."

मास्तर आपल्या धुतलेल्या बोटाकडे बघत होते.

"म्हणजे मशीन चढं सांगत होतं, आणि यांच्याकडे मशीनशिवाय दुसरा काही पुरावाच नव्हता," ते सावकाश म्हणाले. "आईचं गार कपाळ सोडून."

"आणि उशी," चिमणी हळूच म्हणाली.

मास्तर तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. एवढा वर्गाला धाक दाखवणारा माणूस, पण शब्द जुळवताना त्यांची त्रेधा उडाली. "मी असतो तर आकड्यावर विश्वास ठेवला असता," ते म्हणाले. "आणि आज मला आई नसती. मी तुमच्यावर नको ते आरोप केले. मला माफ करा." त्यांनी हात जोडले आणि मान खाली घातली. दिवसभर कोरड्या डोळ्यांनी उभी राहिलेली चिमणी तेव्हा रडली. मोठ्या डॉक्टरांनी घसा खाकरून सांगितलं की ड्यूटी तर तिची अजून संपलेली नाही. पलीकडच्या खाटेवरून टेलरबाईने, बोलायची मनाई असतानाही, जाहीर केलं की बरी झाले की चिमणीला सुंदर ब्लाउज शिवून देणार, आणि मापं डोळ्यांनीच घेतली आहेत.

रात्रीच्या जेवणाआधी साखर मोजायची वेळ झाली. मास्तर आईला धरून बेसिनपाशी घेऊन गेले आणि लहान पोराचं धुवावं तसं तिच्या उजव्या हाताचं एकेक बोट साबणाने चोळून धुतलं. डावा सुईचा हात त्यांनी अलगद बाजूला धरला होता. म्हातारी कुरकुरत होती की आता टेलरबाईला संत्रं कोण देणार, आणि कुणीही देणार नाही असं सगळा वॉर्ड तिला एका सुरात सांगत होता.

मेट्रनबाई दिवसभरात पहिल्यांदाच दमल्या होत्या. उरलेलं संत्रं त्यांनी उभ्याउभ्याच सोलून खाल्लं होतं. चिमणी मशीन घेऊन बसली होती, तिथे जाऊन त्यांनी गमतीने बोट पुढे केलं. "माझीही बघ गं. आज डोकं फार गरगरलंय."

चिमणीने मान वर न करता सांगितलं, "आधी हात धुऊन या, मॅडम."

मेट्रनबाईंनी बाह्या वर केल्या आणि आज्ञाधारक मुलीसारख्या बेसिनकडे निघाल्या. इतकी वर्षं त्या हुकूम सोडत आल्या होत्या, पण कुणाचा हुकूम पाळताना एवढा आनंद त्यांना कधीच झाला नव्हता.